नकाशातली चूक कशावरून ठरवायची?

गोव्यात आज जमिनीविषयी कोणतीही चर्चा सुरू झाली, की ती दोन-चार वाक्यांत नकाशावर येऊन ठेपते. २०२३ साली नगरनियोजन कायद्यात १७(२) हे उपकलम आले आणि प्रादेशिक आराखड्यात 'अनवधानाने राहिलेल्या चुका' दुरुस्त करण्याचा मार्ग खुला झाला. भातशेती म्हणून रंगवलेले तुकडे एकेक करून वस्तीच्या रंगात जाऊ लागले. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या उपकलमाखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द ठरवली. या सगळ्या काळात वाद मात्र एकाच खुंट्याभोवती फिरत राहिला. एक बाजू म्हणते, पोर्तुगीजकालीन नकाशे आणि जुनी टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार आणि खुणा दाखवणारे सरकारी स्थलनिर्देशक नकाशे, बाहेर काढा, त्यात जे शेत आहे ते शेतच राहिले पाहिजे. दुसरी बाजू म्हणते, जुनी कागदपत्रे कसली उकरता, आज उपग्रह आणि ड्रोन वीतभर जमीनही दाखवतात, तिथे शेत दिसत नाही तर ते शेत नाही. दोन्ही बाजू नकाशाकडे पत्त्यातल्या हुकमासारखे पाहतात: एकदा टाकला की डाव संपला. पण एखाद्या नकाशात चूक आहे असे म्हणायचे तर ती कशाच्या तुलनेत चूक आहे, हा प्रश्न कोणी विचारायचा?

माझे म्हणणे आधीच मांडतो. शेतजमिनीचे जुने स्थलनिर्देशक नकाशे सरकारी निर्णयांत पुरावा म्हणून आलेच पाहिजेत, मात्र मालकी सिद्ध करण्यासाठी किंवा जमिनीला कायमचा एक रंग फासण्यासाठी त्यांचा वापर होता कामा नये. ते वाचायचे ते जमिनीची पातळी, पाण्याची वाट आणि बांधांची रचना समजून घेण्यासाठी. आपला सर्व्हेचा नकाशा जमीन कोणाची हे सांगतो, आराखड्याचा नकाशा तिच्यावर काय करता येईल हे सांगतो, आणि पाणी कुठून येते व कुठे जाते हे दोहोंपैकी एकही सांगत नाही. गोव्यातल्या सखल शेतीचे, म्हणजे खाजनाचे, सारे अस्तित्व ज्या गोष्टीवर उभे आहे, तिलाच नकाशात जागा नाही.

खाजन म्हणजे काय हे घाटावरच्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे. मांडवी आणि जुवारीच्या खाड्यांलगत भरतीच्या पातळीखाली असलेली जमीन शेकडो वर्षांपूर्वी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडवली गेली. बाहेरचा बांध नदीला अडवतो. त्यात जागोजागी मानस असते, म्हणजे चिऱ्याच्या बांधकामात बसवलेली लाकडी दारे. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच दारे मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने उघडतात. मानशीच्या आत पोंय, म्हणजे पाणी साठवणारा खोलगट भाग, आणि त्याच्याकडे हलक्या उताराने येणारी शेते. पावसाळ्यात इथे कोरगुटासारखे खार सोसणारे भात होते, नंतर त्याच पाण्यात कोळंबी आणि मासे, काही ठिकाणी मिठागरे. या रचनेत एका शेतकऱ्याने एकट्याने करण्यासारखे फार थोडे आहे. खेकड्याने पोखरलेल्या एका बिळातून बांधाला खांड पडली, की खारे पाणी कोणाचा सर्व्हे क्रमांक कुठे संपतो हे विचारत बसत नाही. गोव्यात अशी खाजन जमीन सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचा आकडा नेहमी दिला जातो. एकूण ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात हे प्रमाण लहान नाही, आणि ती जवळजवळ सगळी तिसवाडी, बार्देश, सासष्टी, फोंडा अशा नदीकाठच्या, म्हणजे आज सर्वाधिक मागणी असलेल्या भागांत आहे.

आता विरोधी बाजूचे मुद्दे. ते कमकुवत नाहीत, आणि जुन्या नकाशांचे पुरस्कर्ते ते टाळतात म्हणूनच त्यांचा युक्तिवाद लटका पडतो.

पहिला मुद्दा: जुने नकाशे सत्तेने सत्तेसाठी काढले. हे खरेच आहे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशाने १५९६ साली जो प्रसिद्ध नकाशा जगापुढे आणला, त्यात रस्ते, चर्च, बाजार आणि बंदर बारकाईने आहेत, कारण ते परदेशी व्यापाऱ्याला हवे होते. आसपासच्या बेटांवर भात कोण पिकवतो आणि बांध कोण राखतो याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. (तो ज्या देशातून आला होता तिथेही समुद्राखालची जमीन बांधांनी राखली जाते. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ.) नव्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर जिंकलेल्या भागांत, विशेषतः सत्तरी आणि सांगेच्या डोंगरांत, कुमेरीची फिरती शेती कागदावर 'पड' किंवा 'रान' होऊन बसली, आणि त्या नोंदींची फळे आल्वारा आणि मोकासा या सरकारी जमीनदानांच्या वादांतून लोक आजही भोगत आहेत. तेव्हा जुना म्हणजे निर्मळ असे मानणे भाबडेपणाचे आहे. पण राज्यकर्त्याने स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेला कागद पुढे त्याच्याच विरुद्ध साक्ष देतो, हेही गोव्याला नवे नाही. अफोंसो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने १५२६ साली तिसवाडीच्या गावकऱ्यांच्या चालीरीतींचे जे 'फोराल' लिहून घेतले, ते महसूल नीट वसूल व्हावा म्हणूनच. तरी कोमुनिदादीचे (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचे, म्हणजे जुन्या गावकरीचे) हक्क सांगताना आपण जवळजवळ पाच शतकांनी त्याचाच आधार घेतो. पुरावा कोणी तयार केला हे पाहून तो सावधपणे वाचायचा असतो. फेकून द्यायचा नसतो.

दुसरा मुद्दा तांत्रिक आहे आणि माझ्या मते अधिक वजनाचा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नेहमीचे टोपोशीट १:५०,००० या प्रमाणाचे असते. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पन्नास मीटर. बारीकशा पेन्सिलीची रेघसुद्धा या हिशेबाने दहा मीटर रुंद होते, आणि आपले बांध दोन-तीन मीटरांचे असतात. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वीस-वीस मीटरांच्या अंतराने काढलेल्या असतात. ज्या जमिनीत अर्ध्या मीटरच्या फरकाने एक शेत पिकते आणि शेजारचे बुडते, ती सगळी जमीन या नकाशात एक सपाट पिवळा पट्टा होऊन जाते. शिवाय जुनी टोपोशीट ज्या पृथ्वीगोलाच्या मापावर आधारलेली आहेत ते आजच्या उपग्रहीय मापाहून वेगळे असल्यामुळे, एकावर एक नकाशा नुसता ठेवला तर बांध नदीत जातो आणि नदी शेतात येते. मोबाइलवर दोन चित्रे एकमेकांवर सरकवून 'बघा, इथे शेत होते' असे सिद्ध करणारे उत्साही मित्र या अडचणीकडे बहुधा काणाडोळा करतात. उद्या विरुद्ध पक्षाच्या वकिलाने हा फरक दाखवला, तर चांगला दावासुद्धा हसण्यावारी जाईल.

मग टोपोशीट निरुपयोगी झाले का? मुळीच नाही. ते ज्या गोष्टी प्रमाणात दाखवू शकत नाही, त्या खुणेने दाखवते. बांधासाठी दातेरी रेघ, तिच्याशेजारी लहान अक्षरात सापेक्ष उंचीचा आकडा, मिठागरासाठी वेगळी खूण, पाण्यासाठी निळा आणि लागवडीसाठी पिवळा रंग. बांधाची दातेरी रेघ कुठे आहे हे दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे होऊ शकते, पण तिथे बांध होता, तो अमुक खाडीपासून अमुक टेकडीच्या पायथ्यापर्यंत सलग होता आणि त्याच्या आतले सगळे क्षेत्र एका पाण्याचे होते, हे त्या रेघेवरून निर्विवाद कळते. ही माहिती उपग्रहाच्या चित्रातून कशी मिळणार? बांध फुटून दहा वर्षे झाली, शेतात खारफुटी माजली, तर वरून दिसते ती फक्त हिरवी दाट खारफुटी. तिचे मोल मी नाकारत नाही. पण ते चित्र पाहणारा अधिकारी 'येथे नैसर्गिक खारफुटी' असे लिहितो, आणि मग बांध दुरुस्त करायला निघालेला शेतकरी खारफुटी तोडणारा गुन्हेगार ठरतो. आजचे अचूक चित्र कालची उपेक्षा तेवढ्याच अचूकपणे नोंदवते. उपेक्षा झाली आहे हे कळायला कालचा नकाशाच लागतो.

इथे महाराष्ट्राच्या इतिहासातले एक उदाहरण आठवते. पेशवाई गेल्यानंतर पुणे प्रांतात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी केली. त्याच्यामागे त्या काळातले अद्ययावत अर्थशास्त्र होते: प्रत्येक जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याच्या ५५ टक्के सारा घ्यायचा. कागदावर हिशेब देखणा होता. प्रत्यक्षात मोजणीत चुका झाल्या, सारा झेपेना, आणि लोक जमिनी टाकून निघून गेले. पुढे १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी पद्धत बदलली. शेत हा घटक धरला, मातीची खोली आणि दोष पाहून सोळा आण्यांच्या हिशेबाने प्रत लावली, आणि निव्वळ उत्पन्नाचे सैद्धांतिक गणित बाजूला ठेवले. त्यांची पद्धतही साम्राज्याच्या तिजोरीसाठीच होती, तिचे गुणगान करण्याचे कारण नाही. पण प्रिंगलचे अपयश आजच्या ड्रोनभक्तांनी लक्षात ठेवावे असे आहे: मोजण्याचे साधन कितीही नवे असले, तरी काय मोजायचे हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातून शेतीचे नुकसानच होते.

गंमत अशी, की काय मोजायचे हे आपल्याच सरकारी कागदाला एके काळी ठाऊक होते. एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, हातात घेऊन पाहा. सर्व्हे क्रमांक आणि कब्जेदार यांच्याबरोबर त्यात शेताचे नाव लिहायची जागा आहे, आणि लागवडीच्या क्षेत्राचे रकाने आहेत: जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड. खाजन म्हणजे खारी सखल जमीन, केर म्हणजे रेताड, मोरड म्हणजे चढावरची. १९६८ चा जमीन महसूल कायदा आल्यानंतर हा उतारा तयार झाला, तेव्हा ज्याने हे रकाने आखले त्याला गोव्याची जमीन पायाखालून ओळखीची होती. पण या उताऱ्याबरोबर जो सर्व्हेचा नकाशा मिळतो, त्यात खाजन आणि मोरड सारखेच दिसतात: रेघांनी वेढलेले पांढरे तुकडे आणि त्यांत आकडे. शब्दाला जे कळले ते रेघेपर्यंत पोहोचले नाही. आराखड्यातली 'अनवधानाची चूक' शोधायचीच असेल तर मी सुरुवात इथून करीन.

आणि नावांचे काय? शेताच्या नावाच्या जागी पुष्कळदा रोमन लिपीतले मोडकेतोडके शब्द आहेत, तरी त्यांत खाजन, आगर, मळा, तळे, बांध अशी पदे सापडतात. जिथे आज सिमेंटच्या भिंतीआड भराव टाकलेला आहे, त्या तुकड्याचे कागदावरचे नाव 'आगर' असेल, तर तिथे मीठ पिकत होते एवढे तरी मान्य करायला हवे. मीठ पिकायला खारे पाणी आत यावे लागते. म्हणजे ती जमीन खाली आहे, आणि भराव टाकला तर तिचे पाणी शेजारच्याच्या दारात जाणार आहे. नाव हासुद्धा पातळीचा एक पुरावा आहे.

तिसरा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटतो, कारण तो शेतकऱ्याच्या तोंडून येतो. तो म्हणतो, मुलगा बोटीवर गेला, मजूर मिळत नाही, मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव घेणारा कोळंबीसाठी दारे नको तेव्हा उघडी ठेवतो आणि माझ्या शेतात खार भरते. डोंगर कापणाऱ्याला परवाना मिळतो, आणि माझी पाव हेक्टर जमीन मात्र तुमच्या नकाशाने कायमची गोठवायची? या प्रश्नाला 'वारसा जपा' हे उत्तर देणे निर्लज्जपणाचे आहे. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची दुरुस्ती यांनी जमीन कसणाऱ्याच्या हाती दिली, ती न्यायाचीच गोष्ट होती. पण कोमुनिदादीकडे असलेली बांध राखण्याची जबाबदारी त्याच ताकदीने कुळांच्या संघटनांकडे आली नाही. हक्काची वाटणी झाली, कर्तव्य मात्र बांधावरच बेवारस राहिले. शेतकऱ्याचा राग या पोकळीतून आलेला आहे आणि तो रास्त आहे.

तरीही त्या रागातून जो निष्कर्ष काढला जातो तो पटत नाही. शेती परवडत नाही, म्हणून जमिनीची पातळी वर येत नाही. उद्या तिथे कोणी भात लावले नाही तरी पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाचे पाणी यायचे थांबणार नाही, आणि पावसाचे पाणी डोंगरावरून उतरून त्याच पोंयीकडे धावणार आहे. १९९० च्या दशकात कोकण रेल्वेच्या मार्गावरून गोव्यात जे आंदोलन पेटले, त्यातला एक मुख्य आक्षेप हाच होता की सखल शेतांतून घातलेला भराव पाण्याची वाट अडवील. तेव्हा त्या आंदोलनाला विकासविरोधी म्हटले गेले. रेल्वे आली, तिचा उपयोग मीही करतो. पण भराव टाकला की पाणी अडते हे समजायला विकासविरोधी असावे लागत नाही. शेतकऱ्यावर अन्याय होत असेल तर बांध राखण्याचा मोबदला त्याला द्या, मानशीच्या लिलावाच्या अटी बदला, डोंगर कापणाऱ्यालाही तोच नियम लावा. नकाशातून खाजन पुसून टाकल्याने यांपैकी काय साधते? पुसल्याचा फायदा त्याला एकदा, जमीन विकताना मिळेल. त्याच्या शेजाऱ्याला तोटा दर पावसाळ्यात.

लिन्शोटेनच्या देशाकडे आता वळतो. हॉलंडमधल्या डेल्फलंड भागात तेराव्या शतकापासून पाणी-मंडळ आहे: बांध राखणारी, दारे उघडमीट करणारी आणि त्यासाठी जमीनधारकांकडून कर घेणारी संस्था, आपल्या जुन्या गावकरीशी नाते सांगावे अशी. या मंडळाच्या प्रदेशाचा सविस्तर नकाशा सतराव्या शतकाच्या आरंभी तयार झाला आणि १७१२ साली क्रुकियस बंधूंनी त्याहून बारीक नकाशा काढला. कालवे, बांध, दारे, पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या हे त्या नकाशांचे खरे नायक आहेत. कारण उघड आहे. ज्या संस्थेच्या अंगावर पाण्याची जबाबदारी होती, तिच्यासाठी ते काढले होते. आपल्याकडे फोरालाने कर्तव्य लिहून ठेवले, पण ते कागदावर रेखले गेले नाही. नंतर नकाशे आले ते एका हातात महसूल आणि दुसऱ्या हातात तोफ घेऊन, आणि मुक्तीनंतर मालकीच्या वाटण्यांसाठी. पाण्याचा नकाशा काढण्याची वेळ जिच्यावर यावी अशी संस्थाच आपण शिल्लक ठेवली नाही. डच लोक हुशार आणि आपण मागास, असला अर्थ कोणी यातून काढू नये. आपले बांध त्यांच्या बांधांइतकेच जाणकारीने बांधलेले आहेत. त्यांची जाणकारी कागदावर उतरली आणि आपली मानस सांभाळणाऱ्याच्या डोक्यात राहिली, एवढाच फरक.

ती जाणकारी कशी दिसते हे मी एकदा जवळून पाहिले. तिसवाडीतल्या एका गावात किनारपट्टी व्यवस्थापन आराखड्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता. २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे, खाजनांचे संरक्षण करावे, त्यांचा व्यवस्थापन आराखडा करावा आणि तिथे विकासकामांना परवानगी देऊ नये अशी. त्यामुळे खाजन नकाशात आले की नाही यावर बरेच काही अवलंबून होते, आणि २०२१ च्या सुनावणीच्या वेळी बांध, मानशी, खाजने गाळली गेल्याच्या तक्रारी गावोगावी झाल्या. आमच्या टेबलावर पसरलेला रंगीत कागद मोठा सुबक होता. वाड्यावरचे एक वृद्ध शेतकरी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ त्यावर वाकले. खाडी त्यांना सापडली, कपेल (छोटे चर्च) सापडले, रस्ता सापडला. मग त्यांनी मान वर करून विचारले, "हातूंत मानस खंय आसा?" (यात मानस कुठे आहे?) कोणालाच दाखवता येईना. तेव्हा त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, खाडीच्या वळणावर एक आडवी रेघ मारली, तिथून आत बोट फिरवत पोंय कुठवर जाते, कोणत्या तीन शेतांत पाणी सर्वांत शेवटी उतरते, आणि बांधाचा कोणता भाग दर दोन-तीन वर्षांनी बसतो हे सांगत गेले. पाच मिनिटांत त्या कागदावर आला तेवढा नकाशा तोवर त्यावर नव्हता. नंतर जुने टोपोशीट शेजारी ठेवले, तेव्हा त्यांच्या रेघेच्या अगदी लगत बांधाची दातेरी खूण निघाली.

माझी मागणी या पेन्सिलीच्या रेघेपुरतीच आहे. जुनी टोपोशीट आणि पोर्तुगीजकालीन मोजणीचे नकाशे नीट मापाला बसवून, त्रुटी किती मीटरांची आहे हे त्यावरच लिहून, लोकांना खुले करावेत. २०२१ साली केंद्राने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची बंधने सैल केल्यापासून 'हे गुप्त आहे' या सबबीला फारसा अर्थ उरलेला नाही. त्यांवर गावोगावच्या जाणत्यांकडून मानशी, पोंयी, बांध आणि शेतांची नावे भरून घ्यावीत. पातळी मात्र आजच्या साधनांनी मोजावी, कारण जुन्या नकाशाला तिथे नेमके काही सांगता येत नाही आणि ड्रोनचा खरा उपयोग तिथेच आहे. आणि हा पाण्याचा थर एक-चौदाच्या नकाशाला जोडून त्याला कायद्याचे बळ द्यावे, म्हणजे उद्या कोणी 'चूक' दुरुस्त करायला आला तर त्याला आधी त्या तुकड्यातले पाणी कुठे जाणार याचा जबाब द्यावा लागेल. कुडचडे येथले नंदा तळे पावसाळ्यात एक आणि उन्हाळ्यात दुसरेच रूप घेते. २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले म्हणून त्याचे कौतुक झाले. पण अशी दोन ऋतूंत दोन रूपे असलेली जमीन एकाच रंगात कशी दाखवायची हा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही. त्यासाठी दोन कागद लागत असतील तर दोन छापावेत.

त्या दिवशी आम्ही वृद्ध शेतकऱ्याच्या सांगण्यावरून आक्षेपाचा अर्ज भरायला बसलो. पहिल्याच रकान्यात सर्व्हे क्रमांक अनिवार्य होता. काठावरच्या शेवटच्या शेताला क्रमांक होता, पलीकडे नदी होती, आणि मानस त्या दोहोंच्या मधल्या बांधात होती. तिचा स्वतंत्र क्रमांक आम्हाला कोणत्याच कागदावर सापडला नाही. शेवटी आम्ही शेजारच्या शेताचा क्रमांक घातला आणि पेन्सिलीने रेघ मारलेली प्रत अर्जाला टाचली.